चाळीस मीटरवरचा निळा दोरा

तिघं जण डोंगरात शिरले ते हवा शोधायला!

काम हसू येण्यासारखंच होतं. हवा म्हणजे काय हरवणारी वस्तू आहे? दार किलकिलं केलं तरी न विचारता घरात येते, कपाळावरची बट उडवते, वाळत घातलेल्या कपड्यांशी खेळते. पण या तिघांना हवी होती ती हवा सकाळी आठ वाजता फुग्याला बांधून तीस किलोमीटर उंचीवरून आणायला पाठवलेली होती. फुगा वर फुटला आणि हवेचं गाठोडं छत्रीला लटकत खाली आलं. दहा वाजून वीस मिनिटांनी ते या रानात कुठंतरी पडलं होतं. नेमकी जागा सांगणारं यंत्र पडता पडता मुकं झालं. उरली ती एका छोट्या ट्रान्समीटरची टिकटिक.

गाठोडं म्हणजे पोलादाची एक नळी. करंगळीहून बारीक, शंभर मीटर लांब, ऐंशी वेटोळी घालून खोक्यात बसवलेली. तिचं एक टोक टोपणानं घट्ट बंद, दुसरं उघडं. वर जाताना नळी रिकामी होत जाते, कारण वर हवाच विरळ. उतरू लागली की बाहेरची हवा उघड्या टोकातून आत शिरते. सगळ्यांत आधी शिरते ती सगळ्यांत वरची. मागून येणारी हवा तिला ढकलत ढकलत बंद टोकापर्यंत नेते. जमिनीला टेकेपर्यंत अख्खं आभाळ त्या नळीत आडवं निजलेलं असतं, थरामागं थर, एकाच अंथरुणावर निजलेल्या भावंडांसारखं. टेकताच धक्क्यानं झडप मिटते. मात्र ही भावंडं फार वेळ आपापल्या जागी राहत नाहीत. सहा तासांत नळी सापडून यंत्राला जोडली तर ठीक, नाहीतर वरचे पातळ थर एकमेकांत मिसळून जातात आणि उरते ती नुसती हवा. नुसती हवा काय, सायकलच्या ट्यूबमध्येही मिळते.

म्हणजे दुपारी चार वीसपर्यंतचा वेळ होता.

ही नळी वळवली होती वहिनीनं. प्रयोगशाळेतले सगळेच तिला वहिनी म्हणत, कारण तिचा धाकटा दीर तिथंच गाडी चालवायचा आणि मोठ्या आवाजात "वहिनी!" अशी हाक मारायचा, ती हाक बाकीच्यांनाही चिकटली. पाच वर्षं ती नळ्या वळवत होती. पहिली नळी समुद्रात बुडाली. दुसरी तिसऱ्या दिवशी सापडली, तोवर थर कधीच मिसळले होते. पण अहवालात काय लिहिलं गेलं? 'नळीच्या सांध्यात दोष असण्याची शक्यता.' त्या एका ओळीनं वहिनीची झोप उडवली होती. तिचा सांधा आणि दोष! आता हे तिसरं उड्डाण, शेवटचं. प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंनी खुर्चीत मागे रेलून सरळ सांगितलं होतं, "या वेळी काही हाती आलं नाही, तर नळीचं टेबल बंद. तुम्हाला भांडारात बसवू. तिथं पंखाही आहे."

पंखाही आहे! वहिनीच्या डोक्यात तो पंखा सकाळपासून घरघरत होता.

"अजून किती लांब?" तिनं विचारलं.

"अंदाजे दीड किलोमीटर," मागच्या सीटवरून उत्तर आलं.

हा हवामानाचा अभ्यासक. याचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच; बाकी जग त्याला 'अंदाजे' म्हणूनच ओळखायचं.

"मघाशीही दीडच होतं," भाऊजी स्टिअरिंगवरून म्हणाले. "आपण चाललोय की डोंगर मागे सरकतोय?"

"मघाशी वारा वेगळा होता."

"जमिनीवर पडलेल्या खोक्याला कसला वारा लागतो हो?"

अंदाजे काही बोलणार, तोच गाडी करकचून थांबली. रस्त्यावर आडवं झाड! बुंधा एवढा जाड की पलीकडचा रस्ता दिसेना. भाऊजींनी उतरून त्याला एक लाथ मारली. झाडाला काही झालं नाही, भाऊजी मात्र एका पायावर नाचत परत आले.

"चला," वहिनी म्हणाली. "पायांनी जाऊ."

अकरा वाजले होते. गाडीच्या मागच्या भागात हवा तपासायचं यंत्र गरम होत गुणगुणत राहिलं. तिघांनी सामान उचललं. भाऊजी गाडी चालवण्याआधी विजेच्या खांबांवर चढायचं काम करायचे. त्यांनी जुना कमरपट्टा बांधला आणि दोराचं वेटोळं खांद्यावर टाकलं. अंदाजेकडे टिकटिक पकडणारी, माशाच्या काट्यासारखी दिसणारी अँटेना. वहिनीच्या पिशवीत पक्कड, करवत, जोडण्या आणि टोपणं, शिवाय रंगीत दोऱ्यांची रिळं आणि वायरलेसचा सेट.

रान दाट होतं, आणि चिडकंही. काट्यांनी बाह्या धरून ठेवल्या, वेलींनी पाय. जळवा मोज्यांतून आत शिरल्या. पण उन्हाचे कवडसे पडले की तेच रान एकदम मवाळ व्हायचं; शेवाळ चमकायचं, पानांच्या आडून एखादा पक्षी दोनच स्वर म्हणायचा आणि तिसरा विसरल्यासारखा थांबायचा. वहिनीला वाटायचं, आपणही असंच काहीतरी विसरतोय. काय, ते आठवेना.

"मला एक सांगा," भाऊजी जळू उपटत म्हणाले, "शंभर मीटरच्या नळीत तुमचं ते स्थितांबर किती?"

"बारा मीटर," वहिनी म्हणाली.

"बस? आणि बाकीचं?"

"बाकीचं तपांबर. ढग, वारे, पाऊस, आपण. पंधरा किलोमीटरच्या आतलंच सगळं. हवेचं वजन खालीच आहे भाऊजी, वर नुसता विस्तार."

"म्हणजे आपल्या घरासारखंच. खाली दादाचं सामान आणि माळ्यावर मोकळी जागा."

"माळ्यावरही त्यांचंच सामान आहे," वहिनी म्हणाली. "पण या माळ्यावर ओझोन राहतो. ऊन प्राणवायूचे तुकडे करतं, तुकडे दुसऱ्या प्राणवायूला जाऊन चिकटतात, की झाला ओझोन. तो आपल्यावरचं जहरी ऊन झेलतो."

"आणि तो तुमच्या नळीत सापडणार?"

"तो नाही टिकत. भिंतीला लागला की मोडतो. पण ज्या हवेत तो राहतो, ती हवा सापडेल. तिच्यात खालून काय काय पोचलं, वर त्याचं काय झालं, आणि पोचायला किती वर्षं लागली, ते कळेल."

"वर्षं?" भाऊजी थबकले. "फुग्याला दीड तास लागला!"

"फुग्याला ओढणारा वायू होता. हवेला कोण ओढतंय? ती आपली हळूहळू जाते."

टिकटिक आता स्पष्ट येऊ लागली होती. अंदाजेनं अँटेना फिरवली आणि डाव्या घळीकडे बोट दाखवलं. तिघं घळीत उतरले. दगड निसरडे, वर आकाशाची बोटभर पट्टी. टिकटिक वाढली. आणखी वाढली! वहिनीची पावलं आपोआप झपझप पडू लागली. एका वळणावर तर आवाज एवढा मोठा झाला की खोकं समोरच असावं.

समोर होती काळ्या कातळाची सरळ भिंत.

अंदाजेनं अँटेना उलटी फिरवली. टिकटिक मागून, डोंगराच्या पलीकडून येत होती. भिंतीवर आपटून परत येणाऱ्या रेडिओलहरींमागे ते तासभर धावले होते!

"प्रतिध्वनी," तो खाली बसत म्हणाला.

"हे आधी नाही का ओळखता येत?" वहिनीचा आवाज चढला. "कातळ आहे, घळ आहे, लहरी उलट्या येणार. एवढी साधी गोष्ट! माझी पाच वर्षं त्या खोक्यात पडली आहेत, आणि तुम्ही मला भिंत दाखवायला आणलंत?"

"माझी काय पडली नाहीत का वर्षं?" अंदाजेही चिडला. "नव्वदातल्या अठ्ठ्याऐंशी मीटरांसाठी मी आलोय. शंभरातल्या! बघा, आकडेही चुकायला लागले. ढगाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत सलग हवा कधी कुणाच्या हाती लागलेली नाही इथं. लोक मला हसतात, उद्या पाऊस पडेल का म्हणून विचारतात आणि मी बोललो की छत्री घरी ठेवून जातात!"

भाऊजींनी दोघांच्या मधे पाण्याची बाटली धरली. कुणीच घेतली नाही. मग ते स्वतःच गटागटा पाणी प्यायले.

तिघं डोंगराची धार चढले. वर पोचताच वायरलेस खरखरला. प्रयोगशाळेच्या सेटवर वहिनीचा नवरा बसला होता. फुग्यांत वायू भरायचं काम त्याचं.

"ऐकू येतंय का? तातडीचं आहे. ओव्हर."

वहिनीनं धापा टाकत बटण दाबलं. "बोला. काय झालं?"

"अगं, सिलिंडरच्या खोलीची किल्ली कुठे आहे? ओव्हर."

भाऊजींनी आकाशाकडे पाहून हात जोडले.

"अहो, आम्ही इथं कड्यावर उभे आहोत!"

"ते ठीक आहे, पण माझा डबा आत राहिलाय. ओव्हर."

वहिनीनं कामाच्या कोटाच्या खिशात हात घातला. किल्ली होती तिथंच. किल्लीसोबत लाल फीत लावलेली एक पिनही हाताला लागली. तिनं दोन्ही तळहातावर घेतलं.

एक पिन.

दोन असायला हव्या होत्या.

तिनं खिसा उलटा केला. दुसरा खिसा उलटा केला. दोऱ्याचा गुंता, एक आवळायची रिंग, खडूचा तुकडा. पिन एकच!

उड्डाणाच्या आधीची कामं वहिनी कागदावर कधी लिहायची नाही. तिनं त्यांचं गाणं बांधलं होतं. आई कामं विसरू नये म्हणून गाण्यात गुंफायची, तसंच. हात चालायचे आणि ओठ हलायचे:

*पहिलं बाई टोक, बंद करा घट्ट,*
*दुसऱ्या टोकाचा, सोडा बाई हट्ट.*
*तिसरा बाई दोर, छत्रीला बांधा,*
*चौथ्याला तपासा, सांध्यामागं सांधा.*
*पाचवी बाई पिन, फुग्याखालची काढा,*
*सहावी बाई पिन, झडपेची ओढा.*
*सातव्याला बाई, सोडा दोन्ही हात,*
*आभाळाची वाट, वाऱ्याची साथ.*

सकाळी ती पाचव्या ओळीवर होती. 'बाई पिन' म्हणून झालं होतं, पिन निघून खिशात गेली होती, आणि मागून हाक आली होती, "वहिनी, चहा ठेवू का?" ती "ठेवा" म्हणाली. परत वळली तेव्हा ओठांवर 'बाई पिन' तसंच होतं. पण पाचवीची 'बाई पिन' तिला सहावीची वाटली. तिनं दोन्ही हात सोडले, फुगा गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनंही.

झडपेची पिन झडपेतच होती. म्हणजे पडल्यावर झडप मिटलीच नव्हती. नळीचं तोंड साडेतीन तास उघडं होतं.

"वहिनी?" भाऊजी जवळ आले. "चेहरा का पांढरा पडलाय?"

गप्प बसता आलं असतं. दोन पावलांवर उतार होता, पिन गवतात टाकली असती तर कुणाला कळलं असतं? झडप अडकली म्हणता आलं असतं. अहवालात एक 'शक्यता' अजून! ती ओळ तिला आठवली, तशी तिनं मूठ उघडली.

"सहावी राहिली," ती म्हणाली. "मी विसरले."

अंदाजे पिनकडे पाहत राहिला. भाऊजींच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "माझा चहा!"

"चहा तुमचा, चूक माझी."

"किल्लीचं काय? ओव्हर," वायरलेस म्हणाला.

"माझ्या खिशात आहे!" वहिनी ओरडली. "आज उपाशी राहा!"

पलीकडे सेट खरखरला. मग अगदी हळू आवाज आला, "बरं. जपून या. ओव्हर."

त्या 'बरं'नं तिचे डोळे भरून आले. तिनं रागारागानं पुसले आणि उतार धरला.

उतार कसला, कडाच तो! भाऊजींनी दोर झाडाला बांधला, कमरपट्ट्यातून ओवला, आणि खांबावरून उतरावं तसे टाचा रोवत खाली गेले. मागून वहिनी. मागून अंदाजे, अँटेना दातांत धरून. खाली ओढा धडधडत होता. वर कुठंतरी पाऊस झाला असावा. पाणी गढूळ होतं, आणि दगडांवरची ओली रेघ बघता बघता वर सरकत होती.

"ते बघा!" अंदाजेच्या दातांतून अँटेना निसटली.

खोकं दिसत नव्हतं. दिसत होती नळी. काठावरच्या झाडाच्या फांदीला तिची वरची वेटोळी अडकली होती, उन्हात लखलखत होती. तिथून ती ताणलेल्या स्प्रिंगसारखी खाली ओढ्यात गेली होती, दोन शिळांच्या सांदीत. छत्री प्रवाहात फुगली होती आणि फुटलेल्या खोक्याला शिळेखाली ओढत होती. प्रत्येक हिसक्याला फांदीवरचं एक वेटोळं सुटत होतं.

वहिनी धावत झाडापाशी पोचली. तिनं नळीवरचे दोरे पाहिले. दर दहा मीटरला ती एक रंग बांधायची, बंद टोकापासून मोजत. पांढरा, पिवळा, लाल फांदीवर. निळा पाण्याच्या वर दोन हात. पुढचा हिरवा पाण्याखाली.

"उघडं तोंड पाण्यात आहे," ती म्हणाली. "पाणी थंड. नळी थंड होतेय. आतली हवा आकसतेय, आणि नळी पाणी पितेय!"

"किती प्यायली असेल?"

"ते कळायला तोंड हाती यायला हवं. ते शिळेखाली आहे."

"मग काढू या," भाऊजी म्हणाले, आणि कुणी काही म्हणायच्या आत कमरेला दोर बांधून पाण्यात उतरले.

"भाऊजी! परत या!"

"चहा माझाच होता ना वहिनी?"

पाणी गुडघ्याला. मांडीला. कमरेला. वहिनी आणि अंदाजेनं दोर झाडाच्या बुंध्याला एक वेढा देऊन धरला. भाऊजींचा हात शिळेला लागला. त्यांनी छत्रीच्या दोऱ्या पकडल्या आणि चाकू काढला. एक दोरी कापली! दुसरी कापली! खोकं हललं. तिसरी दोरी...

छत्री फिरली. वादळात हातातली छत्री उलटावी तशी उलटली आणि उरलेल्या दोऱ्यांचा फास भाऊजींच्या मनगटाला बसला. चाकू गेला. पाय सुटले. डोकं पाण्याखाली गेलं!

"ओढा!"

दोर ताठ झाला. बुंध्याची साल निघाली. वहिनीच्या तळव्यांची कातडी गेली. अंदाजे पाय रोवून मागे झुकला. एक क्षण काहीच हललं नाही. मग फास सुटला, आणि भाऊजी बुडबुड्यांसकट वर आले! इंचाइंचानं त्यांना काठावर घेतलं. ते पालथे पडून खोकले, पाणी ओकले, पुन्हा खोकले.

"थोडक्यात राहिलं हो," ते म्हणाले. "अजून एकदा जातो."

वहिनीनं त्यांच्या पाठीत धपाटा घातला. आयुष्यात पहिल्यांदा. "घरी जाऊन तुमच्या दादाला काय सांगू? हवेसाठी तुमचा भाऊ घालवला?"

छत्रीनं पुन्हा हिसका दिला. फांदीवरचं वेटोळं सुटलं. लाल दोरा फांदीच्या टोकाशी आला. निळा पाण्याच्या वर एक हात उरला.

वहिनीनं पक्कड काढण्यासाठी पिशवीत हात घातला आणि ती थांबली. निळ्यापाशी कापलं तर वरचे चाळीस मीटर वाचतील. सात किलोमीटरच्या वरचं सगळं आभाळ, अख्खं स्थितांबर. खालचे साठ मीटर ओढ्याला. त्या साठांत ढग होते, पायथ्यापासून. त्या साठांत अंदाजे होता.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो पाण्याकडे पाहत होता. त्याचे ओठ हलत होते. मोजत असावा, किती वाचेल, किती वेळ आहे, काय करता येईल. सगळी गणितं करून झाली तसा तो उठला, तिच्या पिशवीतून पक्कड काढली आणि तिच्या रक्ताळलेल्या हातात ठेवली.

"कापा," तो म्हणाला. "ढग मला रोज खिडकीतून दिसतात."

"खरंच सांगताय?"

"अंदाजे." त्यानं तोंड फिरवलं. "लवकर करा हो, माझं मन बदलेल."

वहिनी शिळेवर पालथी झाली. अंदाजेनं तिचे पाय धरले. तिचा हात निळ्या दोऱ्यापर्यंत पोचेना. पोचला! तिनं पकडीनं नळी चेपली, दात आवळून, पुन्हा चेपली, दुमडली, दुमडीवर पट्टी आवळली. खालच्या अंगाला दुसरी चेप. मग मधोमध करवत. पोलाद किंचाळलं. पाणी तोंडावर उडत होतं. डोळे मिटून ती ओठांतल्या ओठांत मोजत होती, एक, दोन, तीन...

कट्!

खालची नळी सळसळत शिळेखाली गेली. छत्री फुगली, फिरली आणि धबधब्याच्या वळणाआड दिसेनाशी झाली. साठ मीटर हवा ओढ्याच्या पाण्यात बुडबुडे होऊन फुटली असेल, आणि जिथून आली त्याच वाऱ्यात मिसळली असेल.

फांदीवरून तिनं उरलेली नळी उतरवली. बंद टोकाचं टोपण तिच्या हातचं, जसंच्या तसं. तिनं वेटोळी पोटाशी धरली. भाऊजींनी कोट काढून पिळला आणि तिच्यावर टाकायला गेले.

"ओला कोट नको," ती म्हणाली. "नळी गार होईल."

"तुम्हाला नाही, नळीलाच घालणार होतो."

तिघंही हसले. त्या दिवसातलं पहिलं हसू, आणि तेही दमून अर्ध्यावरच राहिलं, कारण समोर कडा चढायचा होता.

चढताना भाऊजी दोनदा घसरले. अंदाजेच्या बुटाचा तळ निघाला. त्यानं तो दोऱ्यानं बांधला, वहिनीच्याच हिरव्या. आडवं झाड ओलांडताना वहिनीनं आधी नळी पलीकडे दिली, मग स्वतः गेली. घड्याळात चार वाजून आठ मिनिटं झाली होती.

गाडीच्या मागच्या भागात गुडघे दुमडून तिघं बसले. वहिनीनं बंद टोकाचं टोपण काढून क्षणात जोडणी बसवली, आवळली. चेपलेलं टोक कापून तिथं ढकलणाऱ्या वायूची नळी लावली. तळवे सोललेले होते, पण सांध्याला ते माहीत नव्हतं. सांधा बसला तो बसलाच.

चार सतरा. तिनं कळ फिरवली.

पडद्यावर रेघ उमटली. आधी नुसती खरखर. मग ती खाली बसली, फार खाली. वरची हवा बाहेर पडत होती. मिथेन जमिनीवरच्या हवेपेक्षा कितीतरी कमी. वर ऊन त्याला जाळून टाकतं, तेच पडद्यावर दिसत होतं. कार्बन मोनॉक्साइड तर जवळजवळ नाहीच. रेघ तशीच सरकत राहिली, शांत, तळ्याच्या पाण्यासारखी. पांढऱ्या दोऱ्याच्या थोडं पुढं गेल्यावर एकदम वर उसळली. जिना चढावा तशी!

"तिथं," वहिनी कुजबुजली. "तिथं स्थितांबर संपलं. बारा मीटर."

थर मिसळले नव्हते. सांध्यातून काही शिरलं नव्हतं. रेघ पुढं चाळीस मीटरपर्यंत गेली आणि तुटली. त्यापुढं पडदा रिकामा. अंदाजे त्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ पाहत बसला. मग त्यानं नाक ओढलं आणि डावीकडे, रेघेच्या सुरुवातीकडे बोट नेलं.

"इथला कार्बन डायऑक्साइड बघा. खालच्या हवेपेक्षा बराच कमी. खाली तो दरवर्षी वाढत जातो; तिथं तो इतका होता, त्याला किती काळ झाला, ते काढता येतं." त्यानं वहीत आकडे मांडले. "ही हवा जमिनीवरून निघून पाच वर्षं झाली."

"अंदाजे?" भाऊजींनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "यावेळी नीट मोजलंय."

वहिनीला आपलं टेबल आठवलं. पाच वर्षांपूर्वी तिनं पहिली नळी वळवायला घेतली होती, रंगाच्या रिकाम्या डब्याभोवती, कारण साचा नव्हता. खिडकी उघडी होती. नळी तीनदा मुडपली, तिनं तीनदा फेकून दिली, आणि वैतागून सोडलेला तो मोठा उसासा खिडकीतून बाहेर गेला असेल. त्यातला कण वर पोचला असेल की नाही, कोण सांगणार? पण याच सुमाराला निघाली होती ही हवा. ती वर निघाली होती, आणि वहिनी इथं टेबलाशी नळ्या मोडत बसली होती. दोघींना भेटायला एवढा वेळ लागला. दोघींची वाट चुकली नव्हती, वाटच लांब होती.

तिनं नोंदवही ओढली. पहिल्या पानावर, कुणाला चुकवता येणार नाही अशा जाड अक्षरांत लिहिलं: 'झडपेची पिन काढली नाही. चूक माझी. साठ मीटर गेले. सांधे चांगले.' शेवटचे दोन शब्द तिनं अधोरेखित केले. मग गाण्यातली झडपेच्या पिनेची ओळ मनातल्या मनात खोडली आणि वहीत नवी लिहिली:

*सहाव्याला बाई, झडप मोकळी करा,*
*दोन लाल फिती, मोजून खिशात धरा.*

"आता 'बाई पिन' एकदाच," ती म्हणाली. "आणि भाऊजी, मी म्हणत असताना चहा विचारायचा नाही."

"मग कधी विचारू?"

"आत्ता विचारा ना! सकाळपासून मी तहानलेली आहे."

वायरलेस खरखरला. "मिळाली का? ओव्हर."

वहिनीनं बटण दाबलं. "चाळीस मीटर मिळाली. बाकी ओढ्याला वाहिली."

"अरेरे. कुठली मिळाली? ओव्हर."

तिनं पडद्यावरच्या त्या शांत रेघेकडे पाहिलं, मग निळ्या दोऱ्याकडे. तो अजून ओला होता.

"वरची," ती म्हणाली. "आणि तुमची किल्लीही आणतेय."